रिकाम्या गॅलरींसमोरचे दुहेरी विजेतेपद : इंडियन सुपर लीग २०२०-२१

इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल श्रेणीच्या पुरुष फुटबॉल स्पर्धेचा सातवा हंगाम २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात संपूर्णपणे गोव्यात खेळवण्यात आला. करोनाच्या महासाथीमुळे अकराही संघांना एकाच राज्यात आणून ठेवावे लागले आणि ११५ सामने प्रेक्षकांविना पार पडले. साखळीत अव्वल राहिल्याबद्दलची 'लीग विनर्स शिल्ड' आणि अंतिम सामन्याचा करंडक हे दोन्ही मान मुंबई सिटी एफसीने पटकावले. एकाच हंगामात ही दुहेरी कामगिरी त्यापूर्वी कोणत्याही संघाला जमलेली नव्हती. दोन्ही वेळा मुंबईसमोर प्रतिस्पर्धी एकच होता, कोलकात्याचा एटीके मोहन बागान, आणि दोन्ही वेळा निर्णय अखेरच्या टप्प्यात, अगदी थोड्या फरकाने लागला.

मुंबईच्या दृष्टीने या यशाला आणखी एक अर्थ होता. २००५-०६च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. त्यानंतर तब्बल पंधरा वर्षे मुंबईच्या संघाला देशातील सर्वोच्च साखळी जिंकता आली नव्हती. ज्या महिंद्रने तो मान मिळवला, त्या संघालाही २०१०मध्ये टाळे लागले.

पार्श्वभूमी

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१०च्या डिसेंबरमध्ये रिलायन्स आणि आयएमजी यांच्या संयुक्त कंपनीशी पंधरा वर्षांचा व्यापारी हक्कांचा करार केला. त्यातूनच २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. पहिली काही वर्षे ती दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती आणि देशाची अधिकृत साखळी म्हणून आय-लीगचेच नाव घेतले जाई. २०१७मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने नव्या स्पर्धेला मान्यता दिली. पुढे २०१९-२०च्या हंगामापासून आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली आणि सुपर लीगला अव्वल श्रेणीचा दर्जा मिळाला.

या दर्जाबरोबर एक जुना प्रश्नही ऐरणीवर आला. जगातील बहुतेक देशांत साखळी सामन्यांच्या अखेरीस जो संघ गुणतक्त्यात पहिला, तोच विजेता मानला जातो. सुपर लीगमध्ये मात्र पहिल्या चार संघांमध्ये बाद फेरी होऊन करंडकाचा मानकरी ठरत असे. त्यामुळे महिनोन्‌महिने सातत्याने खेळणाऱ्या संघाच्या हाती काहीच न लागण्याची शक्यता राही. मुंबई सिटीने हा अनुभव स्वतः घेतला होता. २०१६च्या साखळीत हा संघ अव्वल होता, परंतु उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाकडून हरल्याने त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. यावर उपाय म्हणून २०१९-२०पासून साखळीतील अव्वल संघाला शिल्ड देण्यास प्रारंभ झाला. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतील प्रवेशही या शिल्डशी जोडण्यात आल्याने तिचे मोल वाढले. पहिली शिल्ड एफसी गोवाने जिंकली.

महासाथीची चाहूल त्या हंगामाच्या शेवटालाच लागली होती. १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झालेला अंतिम सामना प्रेक्षकांना प्रवेश न देता खेळवण्यात आला. एटीकेने चेन्नईयिनला ३-१ असे हरवले, परंतु टाळ्या वाजवायला गॅलरीत कोणी नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच देशभर टाळेबंदी जाहीर झाली.

गोव्याची निवड

पुढचा हंगाम एकाच राज्यात घेण्याचे ठरल्यावर गोवा आणि केरळ या दोन पर्यायांचा विचार झाला. ऑगस्ट २०२०मध्ये गोव्याच्या नावावर शिक्कामोर्तब करण्यात आले. मडगावचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम (फातोर्डा), पणजीजवळील बांबोळीचे जीएमसी ॲथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचे टिळक मैदान अशी तीन मैदाने निश्चित झाली. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून जवळ आहेत. अकरा संघांना राहण्यासाठी पुरेशी हॉटेले आणि सरावासाठी स्वतंत्र मैदाने उपलब्ध होणे ही गोव्याची आणखी एक जमेची बाजू होती. शिवाय फुटबॉल हा येथील जनजीवनाचाच भाग. २०१२मध्ये गोवा सरकारने फुटबॉलला राज्याचा अधिकृत खेळ म्हणून जाहीर केले होते.

प्रत्येक संघासाठी जैवसुरक्षित कवच, अर्थात बायो-बबल तयार करण्यात आले. खेळाडू, प्रशिक्षक व सहायकांनी हॉटेल, सराव मैदान आणि सामन्याचे मैदान यांपलीकडे जायचे नाही आणि ठरावीक दिवसांनी चाचण्या करून घ्यायच्या, असा नियम होता. जवळपास चार-पाच महिने खेळाडू कुटुंबापासून दूर राहिले. संघ हरला तरी खेळाडूला परतायचे असे ते हॉटेलच्या त्याच खोलीत, जिंकला तरी तिथेच.

मैदानाच्या बाबतीत 'यजमान' आणि 'पाहुणा' हा भेद कागदापुरता उरला. नोव्हेंबर २०२०मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील पारंपरिक लढत सुपर लीगमध्ये प्रथमच झाली. एरवी या सामन्याला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर हजारोंची गर्दी लोटते. या वेळी तो अरबी समुद्राकाठच्या वास्को शहरात, निर्मनुष्य गॅलरींच्या साक्षीने खेळला गेला. मोहन बागानने तो २-० असा जिंकला.

संघ आणि स्वरूप

हंगामात अकरा संघ होते : एटीके मोहन बागान, बंगळुरू एफसी, चेन्नईयिन एफसी, एफसी गोवा, हैदराबाद एफसी, जमशेदपूर एफसी, केरळ ब्लास्टर्स, मुंबई सिटी एफसी, नॉर्थईस्ट युनायटेड, ओडिशा एफसी आणि एससी ईस्ट बंगाल.

यांतील दोन नावे नवी आणि तरीही जुनी होती. मोहन बागान आणि एटीके यांचे एकत्रीकरण २०२०च्या प्रारंभी जाहीर झाले होते. ईस्ट बंगालला नवा गुंतवणूकदार मिळाल्यानंतर सप्टेंबरअखेर, म्हणजे स्पर्धेच्या जेमतेम आठ आठवडे आधी, प्रवेश देण्यात आला. देशातील दोन सर्वांत मोठे पाठीराखे वर्ग असलेले क्लब अशा रीतीने अव्वल श्रेणीत परतले, तेही प्रेक्षकांना मैदानात पाऊल ठेवता येत नव्हते अशा वर्षी. महाराष्ट्रातून मात्र मुंबई सिटी हा एकच संघ उरला होता. बालेवाडीत खेळणारा पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली.

प्रत्येक संघ इतर दहा संघांशी दोनदा खेळला. म्हणजे प्रत्येकाचे २० आणि एकूण ११० साखळी सामने झाले. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण समान झाल्यास प्रथम त्या दोन संघांमधील परस्परलढतींचे निकाल पाहायचे आणि नंतर गोलफरक, असा नियम होता. याच नियमाने पुढे शिल्डचा निर्णय लागला. पहिल्या चार संघांना उपांत्य फेरीत स्थान होते. संघात जास्तीत जास्त सात परदेशी खेळाडू ठेवता येत आणि त्यांपैकी पाच एका वेळी मैदानात उतरू शकत. भारतीय खेळाडूंना अधिक संधी मिळावी म्हणून पुढच्या हंगामापासून ही संख्या चारवर आणण्यात आली. महासाथीतील दमछाक ध्यानात घेऊन एका सामन्यात पाच बदली खेळाडूंना परवानगी देण्यात आली होती.

मुंबईची बांधणी

मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भागभांडवल विकत घेतले. उरलेला वाटा अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे राहिला. या बदलाचे खरे परिणाम २०२०च्या उन्हाळ्यानंतर दिसू लागले.

क्लबने प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश गृहस्थांना आणले. ते २०१७पासून एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. चेंडू आपल्या ताब्यात ठेवून, छोट्या पासच्या साखळीने प्रतिस्पर्ध्याला हैराण करणारा खेळ त्यांनी तेथे रुजवला होता. ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात अव्वल असतानाच, गोव्याने त्यांना दूर केले. लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्या पाठोपाठ गोव्याच्या संघाचा कणाच आला : मध्यरक्षक अहमद जाहू, उंचपुरा बचावपटू मोर्तादा फॉल, आक्रमणाची सूत्रे हलवणारा ह्युगो बूमूस आणि डाव्या बाजूचा मंदार राव देसाई. केरळकडून बार्थोलोम्यू ओगबेचे, सिडनीहून ॲडम ल फाँड्र आणि स्पेनहून हर्नान सांताना यांची भर पडली. गोलरक्षक अमरिंदर सिंगकडे नेतृत्व होते. रॉलिन बॉर्जेस व रेनियर फर्नांडिस हे गोमंतकीय, मणिपूरचा बिपिन सिंग आणि मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे यांनी भारतीय फळी भक्कम केली.

तयार खेळाडूंच्या जोरावर मिळवलेले यश, अशी टीका या संघावर झाली. तीत तथ्य नव्हते असे नाही. मात्र इतक्या अल्प अवधीत, सरावाचे मोजके दिवस हाताशी असताना, बहुतांश नवा संघ एका पद्धतीने खेळू लागला, याचे श्रेय प्रशिक्षकाला द्यावेच लागते.

साखळीची वाटचाल

२० नोव्हेंबरला बांबोळी येथे एटीके मोहन बागानने रॉय कृष्णाच्या गोलवर केरळला १-० असे हरवले आणि हंगामाची सुरुवात झाली. दुसऱ्याच दिवशी मुंबईचा पहिला सामना अनपेक्षित निकालाचा ठरला. पूर्वार्धात जाहूला लाल कार्ड मिळाले, दहा जणांनिशी खेळणाऱ्या मुंबईवर नॉर्थईस्टने पेनल्टीवर गोल केला आणि १-० असा विजय मिळवला.

चार दिवसांनी लोबेरांची गाठ आपल्या जुन्या संघाशी पडली. गोव्याविरुद्ध भरपाई वेळेत ल फाँड्रने पेनल्टीवर केलेल्या एकमेव गोलने मुंबईचे खाते उघडले आणि तेथून संघाने मागे वळून पाहिले नाही. ईस्ट बंगाल (३-०), ओडिशा (२-०), चेन्नईयिन (२-१), हैदराबाद (२-०), केरळ (२-०) आणि बंगळुरू (३-१) यांना नमवत मुंबईने आघाडी घेतली. ११ जानेवारी २०२१ रोजी पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांमधील लढतीत ओगबेचेच्या गोलने मोहन बागानवर १-० अशी सरशी साधली. सलग बारा सामन्यांत मुंबई अपराजित राहिली.

हा क्रम ३० जानेवारीला पुन्हा नॉर्थईस्टनेच मोडला. फेब्रुवारीच्या मध्यात तर मुंबईची गाडी घसरलीच. बंगळुरूकडून २-४ आणि जमशेदपूरकडून ०-२ असे लागोपाठ दोन पराभव पत्करावे लागले. त्याच सुमारास अंतोनियो लोपेझ हबास यांच्या मोहन बागानने विजयांची मालिका लावून पहिला क्रमांक हिसकावून घेतला. हबास यांचा संघ मुंबईच्या नेमका उलट होता. आधी बचाव बळकट करायचा, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे राहिला तरी चिंता करायची नाही आणि संधी मिळताच रॉय कृष्णा व डेव्हिड विल्यम्स यांच्या वेगाचा फायदा उठवायचा, ही त्यांची रीत. वीस सामन्यांत त्यांच्यावर अवघे १५ गोल झाले.

२२ फेब्रुवारीला मोहन बागानने हैदराबादला हरवले असते, तर शिल्डचा प्रश्न तिथेच मिटला असता. तो सामना २-२ असा बरोबरीत सुटला. दोन दिवसांनी बिपिन सिंगच्या हॅट्‌ट्रिकच्या बळावर मुंबईने ओडिशाचा ६-१ असा धुव्वा उडवला. आता मोहन बागानचे ४० आणि मुंबईचे ३७ गुण होते आणि साखळीतील शेवटचा सामना या दोघांमध्येच शिल्लक होता.

खालिद जमील यांची कामगिरी

मुंबईला दोनदा हरवणाऱ्या नॉर्थईस्टची कथा या हंगामातील सर्वांत वेधक म्हणावी लागेल. अकरा सामन्यांत केवळ बारा गुण मिळाल्यानंतर जानेवारीत क्लबने प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना हटवले आणि सूत्रे तात्पुरती खालिद जमील यांच्याकडे सोपवली. महिंद्र युनायटेडकडून खेळलेले आणि नंतर मुंबई एफसीला अनेक वर्षे मार्गदर्शन केलेले जमील मुंबईच्या मैदानांत घडले. २०१६-१७मध्ये मिझोरमच्या ऐजॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून देत त्यांनी देशाला चकित केले होते.

साखळीतील उरलेल्या नऊ सामन्यांत जमील यांचा संघ एकदाही हरला नाही. सहा विजय आणि तीन बरोबरींतून २१ गुण मिळवत त्याने तिसरा क्रमांक गाठला. सुपर लीगमध्ये संघाला उपांत्य फेरीत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. परदेशी प्रशिक्षकांवरच विसंबून राहणाऱ्या या स्पर्धेला ती एक चपराकच होती. ऑगस्ट २०२५मध्ये जमील यांची भारतीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. त्या प्रवासात गोव्यातील या नऊ सामन्यांचा वाटा मोठा आहे.

शिल्डचा निर्णय

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीच्या मैदानावर मोहन बागानला केवळ बरोबरी पुरेशी होती. मुंबईला जिंकणे भाग होते. जिंकल्यास दोघांचे ४० गुण होणार होते आणि पहिली लढतही मुंबईनेच जिंकलेली असल्याने परस्परलढतींचा निकष मुंबईच्या बाजूने होता.

सातव्याच मिनिटाला फॉलने हेडरद्वारे गोल केला. बचावावर भिस्त असलेल्या संघाला आता पुढे येऊन खेळणे भाग पडले. ३९व्या मिनिटाला ओगबेचेने दुसरा गोल केला. उत्तरार्धात मोहन बागानच्या प्रयत्नांना यश आले नाही आणि २-० अशा विजयासह शिल्ड मुंबईकडे आली. त्याच दिवशी हैदराबादविरुद्ध गोलशून्य बरोबरी साधून एफसी गोवाने उपांत्य फेरीतील चौथी जागा मिळवली.

साखळीचा अंतिम गुणतक्ता (विजय, बरोबरी, पराभव, गुण)

१. मुंबई सिटी : १२, ४, ४, ४०
२. एटीके मोहन बागान : १२, ४, ४, ४०
३. नॉर्थईस्ट युनायटेड : ८, ९, ३, ३३
४. एफसी गोवा : ७, १०, ३, ३१
५. हैदराबाद : ६, ११, ३, २९
६. जमशेदपूर : ७, ६, ७, २७
७. बंगळुरू : ५, ७, ८, २२
८. चेन्नईयिन : ३, ११, ६, २०
९. ईस्ट बंगाल : ३, ८, ९, १७
१०. केरळ ब्लास्टर्स : ३, ८, ९, १७
११. ओडिशा : २, ६, १२, १२

११० सामन्यांपैकी ४२ बरोबरीत सुटले, हे या तक्त्याचे वैशिष्ट्य. पहिल्या दोन संघांचे विजय, बरोबरी आणि पराभवही तंतोतंत सारखे आहेत. मुंबईने सर्वाधिक ३५ गोल केले आणि १८ स्वीकारले.

उपांत्य फेरी

बाद फेरीत मुंबईसमोर गोवा उभा ठाकला. ५ मार्चला फातोर्डा येथील पहिला सामना २-२ असा सुटला. गोव्याने दोनदा आघाडी घेतली, ती बूमूस आणि फॉल यांनी दोनदा फेडली. ८ मार्चचा दुसरा सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला. परक्या मैदानावरील गोलला अधिक महत्त्व देण्याचा नियम असता, तर मुंबई तिथेच पुढे गेली असती. पण कोणाचेही मैदान नसलेल्या या हंगामात तो लागू नव्हता आणि लढत पेनल्टी शूटआऊटपर्यंत गेली.

शूटआऊटआधी लोबेरांनी कर्णधार अमरिंदरला बाहेर बोलावून फुर्बा लाचेन्पा या राखीव गोलरक्षकाला मैदानात उतरवण्याचे धाडस केले. मुंबईने शूटआऊट ६-५ असे जिंकले. निर्णायक पेनल्टी मारली ती रॉलिन बॉर्जेसने. गोव्याच्या मातीतल्या खेळाडूने गोव्याचे आव्हान संपुष्टात आणले. दोन वर्षांपूर्वी, २०१८-१९च्या उपांत्य फेरीत याच गोव्याने मुंबईला गारद केले होते, त्याचीही परतफेड झाली.

दुसऱ्या उपांत्य फेरीत मोहन बागानने नॉर्थईस्टला दोन सामन्यांत मिळून ३-२ असे हरवले आणि जमील यांच्या संघाची अपराजित वाटचाल संपली.

अंतिम सामना

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्डाच्या मैदानावर मुंबई आणि मोहन बागान हंगामात तिसऱ्यांदा आमनेसामने आले. १८व्या मिनिटाला आपल्याच क्षेत्रात मुंबईने चेंडू गमावला. रॉय कृष्णाने तो विल्यम्सकडे सरकवला आणि विल्यम्सच्या फटक्याने मोहन बागान पुढे गेला. पाठीमागूनच पास देत खेळ रचण्याच्या लोबेरांच्या पद्धतीतील धोका त्या एका क्षणात उघडा पडला. २९व्या मिनिटाला मुंबईचा लांब पल्ल्याचा चेंडू अडवण्याच्या प्रयत्नात बचावपटू तिरीकडून स्वयंगोल झाला आणि १-१ अशी बरोबरी झाली.

पूर्वार्ध संपता संपता सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. चेंडूसाठी झालेल्या टकरीत अमेय रानवडे डोक्याला मार लागून कोसळला. खेळ थांबला, दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याभोवती जमले आणि त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात हलवण्यात आले. एरवी अशा वेळी हजारोंची गॅलरी स्तब्ध होते. येथे ती शांतता आधीपासूनच होती. सुदैवाने रानवडे या दुखापतीतून बरा झाला आणि पुढेही सुपर लीगमध्ये खेळत राहिला.

उत्तरार्धात दोन्ही संघांनी फारसा धोका पत्करला नाही आणि सामना जादा वेळेकडे झुकू लागला. ९०व्या मिनिटाला मोहन बागानच्या गोलक्षेत्रात एक लांबचा चेंडू आला. तो अडवायला गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे धावला, पण ओगबेचेने त्याच्याआधी चेंडू मिळवून बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिनने तो जाळ्यात धाडला. २-१. मुंबईने प्रथमच करंडक उंचावला. अंतिम सामन्याचा मानकरीही बिपिनच ठरला.

पुरस्कार

हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान फिजीच्या रॉय कृष्णाला मिळाला. त्याचे आणि गोव्याच्या इगोर अँग्युलोचे प्रत्येकी १४ गोल होते. कमी वेळ खेळून तेवढे गोल केल्याने 'गोल्डन बूट' अँग्युलोला देण्यात आला. उत्कृष्ट गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य ठरला. सर्वाधिक गोलसाहाय्याचा पुरस्कार गोव्याच्या अल्बर्टो नोगेराला, तर उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार नॉर्थईस्टच्या लालेंगमावियाला मिळाला. लालेंगमाविया पुढच्याच मोसमात मुंबईकडे आला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

या हंगामात महाराष्ट्राचे खेळाडू अनेक संघांतून खेळले. २०१७च्या कुमार विश्वचषकात भारताचे प्रतिनिधित्व केलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव जमशेदपूरकडे होता. मुंबईचे राहुल भेके आणि प्रतीक चौधरी बंगळुरूच्या बचावफळीत होते. बंगळुरूने हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला, तेव्हा ती जबाबदारीही मूळचे मुंबईचे असलेले नौशाद मूसा यांनी हंगामी स्वरूपात सांभाळली.

मात्र राज्यातील क्लबांची स्थिती वेगळी कथा सांगते. राष्ट्रीय साखळीत खेळलेले महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी, २०१२-१३मध्ये आय-लीगचे उपविजेतेपद मिळवणारा पुणे एफसी आणि नंतरचा पुणे सिटी हे संघ एकामागून एक पडद्याआड गेले. यांतील काही संघ कंपन्यांच्या मर्जीवर चालत, काही गुंतवणूकदारांच्या. क्लब बंद झाल्यावर मागे मैदान, अकादमी किंवा सभासदांची संस्था असे फारसे काही उरले नाही. कोलकात्यात मालक बदलले तरी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल टिकून राहतात, कारण तेथे क्लब म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे सभासद आणि पाठीराखे. प्रेक्षकांविना जिंकलेल्या मुंबईच्या करंडकाने हा फरक अधिकच ठळक केला. विजेतेपद अकरा खेळाडू मिळवून देतात, पण क्लब जगवतात ती गॅलरीतली माणसे.

त्यानंतर

शिल्डमुळे मुंबईला २०२२च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. तोपर्यंत संघ बराच बदलला होता. लोबेरा चीनमध्ये गेले होते, तर अमरिंदर आणि बूमूस मोहन बागानमध्ये. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे नवे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला आणि विजयी गोल केला तो मुंबईच्या राहुल भेकेने. मुंबईने २०२२-२३मध्ये पुन्हा शिल्ड आणि २०२३-२४मध्ये पुन्हा करंडक जिंकला. एकाच हंगामात दोन्ही मान मिळवण्याची पुनरावृत्ती व्हायला मात्र २०२४-२५ उजाडावे लागले. तो मान मोहन बागानने मिळवला.

२०२१-२२चा हंगामही गोव्यातच झाला. अंतिम सामन्यापुरते प्रेक्षक परतले. संघांना स्वतःच्या गावी खेळता आले ते थेट ऑक्टोबर २०२२पासून. दुहेरी विजेत्या संघाला अंधेरीच्या मैदानावर आपल्या पाठीराख्यांसमोर उतरण्यासाठी दीड वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले, आणि तोवर त्या विजयातील बरेच चेहरे संघाबाहेर गेले होते.

२०१०चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५मध्ये संपला. त्याच्या नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने २०२५-२६चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. २०२५च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. महासाथीच्या ऐन भरात अकरा संघांना एका राज्यात आणून, एकही साखळी सामना न गाळता हंगाम पूर्ण करून दाखवणाऱ्या स्पर्धेचे वेळापत्रक पाच वर्षांनी एका कराराच्या कागदापायी अडले. २०२०-२१च्या हंगामाकडे आज मागे वळून पाहताना मुंबईच्या विजयाइतकीच ही गोष्टही नोंदवून ठेवावी लागते.